भोंग्यातला बोळा

"मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलतं, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?"

प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि मग कुठं अरफाला कळलं, की आपण उभ्या आहोत, माईक आपल्याच हातात आहे आणि अख्खा हॉल माना वळवून आपल्याकडं बघतोय. डावीकडून शेरॉन तिची ओढणी ओढत होती, उजवीकडं सुमैरानं हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला होता. ह्या दोघींचाच हा उद्योग. मधल्या सुट्टीत डब्याबरोबर रोज अरफाची त्या खोटारड्या सॉफ्टवेअरची गोष्ट चावून चावून त्या कंटाळल्या होत्या. "आमच्यापुढं एवढी छातीठोक बोलतेस ना, मग त्या बाईंनाच विचार की समोरासमोर," शेरॉन म्हणाली होती, "विचारलंस तर दिवाळीपर्यंत तुझी सायकल आम्ही पुसू." आणि दहावीपर्यंत हजेरी देतानासुद्धा पुटपुटणारी अरफा शेख आज उभी राहिली होती, फक्त सायकलीसाठी नाही, गेल्या काही महिन्यांत तिला आपला स्वतःचा आवाज सापडला होता आणि नवीन चपला घातल्यावर पोरं जशी उगाच गल्लीभर फिरून येतात तशी ती तो आवाज जिथं तिथं वापरून बघत होती. प्राचार्यांचा चेहरा तेवढा आंबट झाला. पाहुण्या मात्र हसल्या. रेश्मा वाकचौरे त्यांचं नाव, ह्याच श्रीरामपूरच्या शाळेतून बारावी होऊन पुण्याला गेलेल्या, आणि 'तांडा' नावाची एक प्रणाली सांभाळणाऱ्या. त्या म्हणाल्या, "नाही गं, तोंडावर कुणी नाही सांगितलं. ये, वर ये. इथं उभं राहून सांग."

स्टेजवर दीपप्रज्वलनाची समई होती, पुढं रांगोळी होती, म्हणून बूट खाली काढावे लागले. लेसचे बूट. सकाळीच घट्ट बांधलेले. गाठ सुटेना, हॉल खुसखुसायला लागला, आणि कशीबशी ती वर गेली तेव्हा लाकडी फळ्यांचा गारवा मोज्यातून तळव्यांना लागला. मग मात्र ती सुटली. तिनं सांगितलं, की आजकाल एकेक प्रोग्राम एकेका डब्यात भरून ठेवतात, त्याला कंटेनर म्हणतात. असे हजारो डबे कुठल्या मशीनवर ठेवायचे, कुठला बंद पडला, कुठल्याला पुन्हा उठवायचं, हे बघायला 'तांडा' असतो. तो सगळ्यांना खुला आहे, कुणीही त्याचा कोड वाचावा, चुकलं असेल तर दुरुस्ती पाठवावी. तिनं शाळेच्या लॅबमध्ये एसटीच्या वेळा दाखवणारा एक लहानसा प्रोग्राम करून डब्यात घातला होता. एक दिवस त्याला वेळांची फाईलच सापडेना. प्रोग्राम आंधळ्यासारखा नुसता बसून होता, कुणालाच काही सांगत नव्हता. आणि तांडा काय म्हणत होता? 'चालू आहे.' हिरव्या रंगात. "डबा उघडा आहे एवढंच तो बघतो, मॅडम. आतला माणूस शुद्धीवर आहे का, ते बघायला तुम्ही तपासणी लिहिलीय, पण ती तपासणी जेव्हा चूक सापडली म्हणून ओरडते तेव्हा तिचं ओरडणं मधेच कुणीतरी गिळून टाकतं. मी ती ओळ शोधली. तिच्या शेजारी लिहिलंय, 'तात्पुरतं'. सहा वर्षं झाली त्या तात्पुरत्याला. आणि तोच तुकडा आणखी दोन ठिकाणी जसाच्या तसा चिकटवलाय, म्हणजे एका जागी दुरुस्त केलं तरी बाकीच्या दोन जागा खोटं बोलतच राहणार."

रेश्माताईंनी मान हलवली. "बरोबर आहे तुझं. ती ओळ लिहिणाऱ्या माणसाला मी चांगली ओळखते. माझा नवराच आहे तो." हशा पिकला. तो ओसरू देऊन त्या म्हणाल्या, "पण त्यानं असं का केलं असेल, विचारलंस का कधी स्वतःला? ती तपासणी ना, सारखी ओरडायची. जरा नेटवर्क फडफडलं की ओरड. लोकांनी रात्र रात्र उठून बघायचं आणि काहीच नसायचं. शेवटी लोकच म्हणाले, तिचं तोंड बंद करा. केलं. आता तू बोळा काढशील, शाबास. पण मग ती पुन्हा ओरडेल, आणि कुणीतरी पुन्हा बोळा घालेल. काढल्यावर पुढं काय, ते सांग मला."

अरफाकडं उत्तर होतं असं तिला वाटलं. तोंड उघडलं. आणि तेवढ्यात वीज गेली, पंखे मंदावले, मागच्या बाजूला शिपायानं जनरेटर ओढला आणि स्टेजच्या फळ्या थरथरू लागल्या. बारीक, सलग, टाचेतून पोटरीपर्यंत चढणारी थरथर. ती तिच्या ओळखीची होती. जन्मापासूनची. घरामागं, दुधाच्या संकलन केंद्रात, बल्क कूलरच्या मोठ्या स्टीलच्या टाकीखाली कंप्रेसर चालू असला की पांढऱ्या टाईल्स अशाच गुणगुणतात, म्हणून तर अब्बा तिथं कुणाला चपला घालून येऊ देत नाहीत. स्वच्छता स्वच्छता म्हणून लोक कौतुक करतात, पण स्वच्छतेचं नुसतं निमित्त. "पायाला कळतं बेटा," अब्बा म्हणतात, "डोळ्याला हिरवा दिवा दिसतो. दिव्याचं काय, वीज आली की तो लागतो. खाली मशीन मेलं तरी लागतो." हे तिनं हजारदा ऐकलेलं. आणि आज सकाळी? आज सकाळी अब्बा-अम्मी लोकांचं दूध घेऊन, टाकीत ओतून, कोपरगावला मावसबहिणीच्या मंगनीला निघाले, एसटी सुटता सुटता अब्बा खिडकीतून म्हणाले, "शाळेत जाताना टाकी बघून जा. आत जाऊन बघ." ती गेली होती. दारापर्यंत. बूट घातलेले, लेस घट्ट, कोण सोडत बसणार, उशीर झालेला, डोक्यात हाच प्रश्न घोळत होता, कसा विचारायचा, आधी मॅडम म्हणायचं की ताई. खिडकीतून हिरवा दिवा दिसला. फोनवर तिनं अब्बांना दोन शब्द पाठवले. चालू आहे.

फळ्या थरथरत होत्या. सकाळी दाराशी उभी असताना चौकटीला हात टेकला होता, ते तिला आत्ता आठवलं, आणि हाताला काहीच लागलं नव्हतं हेही आत्ताच आठवलं. का आत्ता मनानं तयार केलं? खरंच काही लागलं नव्हतं का? कानांनी काय ऐकलं ते आठवायला गेली तर कानात फक्त तिचाच प्रश्न होता. "अगं?" रेश्माताई म्हणाल्या. "मॅडम, मला जायला पाहिजे," अरफा म्हणाली, माईकमध्येच, त्यामुळं ते अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. सुमैरानं दारापर्यंत येऊन विचारलं, "काय झालं? पैज तर जिंकलीस की!" अरफानं फक्त हात हलवला. बुटांच्या लेस तशाच लोंबत्या ठेवून ती सायकलवर बसली.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी. ती येतच नव्हती, फक्त फाटक बंद होतं, आणि फाटकापुढं टेम्पो, शेळ्या, एक नवरदेवाची फुलं लावलेली गाडी, सगळे निवांत. अरफाचा एक पाय जमिनीवर, एक पेडलवर. दुपारचं ऊन मानेवर बसलेलं. वाटेत दोनदा तिनं अब्बांना फोन लावायला काढला आणि दोनदा खिशात घातला. काय सांगणार? मला वाटतं की मला वाटतंय? आधी बघू दे. कदाचित चालू असेल. कदाचित ती घरी पोचेल, बूट काढेल, टाईल्स गुणगुणतील आणि शेरॉन आयुष्यभर चिडवेल, स्टेजवरून पळालेली विद्वान म्हणून. चालेल. चिडव बाई, वाट्टेल तेवढं चिडव. पण टाकी बंद असेल तर तिच्यावरचा भोंगा वाजायला हवा होता ना? शेजारच्या दुकानांतून ऐकून कुणीतरी फोन केला असता. आणि मग फाटकाच्या लाल दांड्याकडं बघता बघता तिला आठवलं. भोंग्यात बोळा आहे. तिच्याच दहावीचा.

तेव्हा व्होल्टेज सारखं पडायचं, आणि जरा दिवे मिणमिणले की भोंगा बोंबलायचा. टाकीला काही झालेलं नसायचं. ती भूमितीचं प्रमेय धरून बसलेली, की भोंगा. झोप लागली, की भोंगा. एका संध्याकाळी ती रडली, वही भिंतीवर फेकली, आणि अब्बा उठले, तिच्या जुन्या युनिफॉर्मच्या ओढणीचा तुकडा फाडला, स्टुलावर चढून भोंग्याच्या तोंडात बोटानं ठासून भरला. अम्मी म्हणाली, "दूध कंपनीवाले बघतील." "परीक्षा होईपर्यंतच," अब्बा म्हणाले. तात्पुरतं. परीक्षा झाली, पेढे वाटले, अकरावी गेली, आणि बोळा तिथंच राहिला, कारण भोंग्याच्या जागी अब्बाच उठत होते. दिवसातून कितीदा तरी अनवाणी जाऊन उभे राहायचे. घरात कुणाला शांततेची किंमत कळलीच नाही, ती अब्बांच्या तळव्यांतून वसूल होत होती. आणि ज्या एका दिवशी अब्बा नव्हते त्या दिवशी तळवे तिचे होते, तिनं त्यांना बूट घातले होते.

मालगाडी आली. डबे, डबे, डबे. प्रत्येकाच्या दाराला सील. आत काय आहे कुणास ठाऊक, बाहेरून सगळे सारखेच धडधाकट. ती डोळे मिटून उभी राहिली.

केंद्राच्या दारात तिनं बूट ओरबाडून काढले, मोजेही काढले. आत पाय ठेवला. टाईल्स गार होत्या, स्वच्छ होत्या आणि मेलेल्या होत्या. वीज परत आली होती आणि समोर हिरवा दिवा तिच्याकडं छान बघत होता. पॅनलवरचा आकडा चार अंशांवर असायला हवा, तो सव्वीसवर होता. म्हणजे सकाळचं कोमट दूध थंड झालंच नव्हतं. ओतलं आणि थोड्याच वेळात मशीन बसलं. आणि मग तिला ऐकू आलं. आधी वाटलं, कानातच आहे. बंद मुठीत माशी धरल्यावर येतो तसा आवाज. भोंगा वाजत होता. सकाळपासून वाजत होता. ती आली, दाराशी उभी राहिली, चालू आहे म्हणून लिहून गेली, तेव्हाही कदाचित तो असाच कापडाच्या आत ओरडत होता.

स्टुलावर चढून तिनं बोळा उपसला. धुळीनं काळा पडलेला, एका कडेला अजून आकाशी. आणि मग तो आवाज असा फुटला, की ती स्टुलावरून पडता पडता वाचली. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. ती तो आवाज बंद न करता तशीच उभी राहिली थोडा वेळ, कुणीतरी रागावून बोलावं आणि आपण ऐकून घ्यावं तशी. मग खाली उतरून मशीनच्या कडेचं लाल बटण दाबलं. एकदा दाबलं की सगळं पुन्हा सुरू. एवढंच होतं. कंप्रेसर खोकला, चालू झाला, टाईल्स गुणगुणू लागल्या. भोंगा गप्प झाला. सव्वीस. बघता बघता पंचवीस.

आणि इथंच ती गोष्ट तिच्या मनात शिरली, चोरपावलांनी नाही, अगदी शहाण्यासारखी खुर्ची ओढून बसली. टँकर येतो संध्याकाळचं दूध झाल्यावर. तोवर आकडा चारवर येईल. झाकण उघडून तिनं वास घेतला, आंबट नव्हता. गोरक्षकाका टँकर घेऊन येतील, पॅनल बघतील, चार, वास घेतील, ठीक, पाईप लावतील. कुणाला काही कळणार नाही. बोळा परत घातला की झालं. आणि सांगितलं तर? कंपनीचा माणूस पहिलं विचारील, भोंगा वाजला नाही का? मग स्टूल लावून वर बघेल. गेल्या वर्षी शेजारच्या गावचं केंद्र एवढ्याशा कारणावरून काढून घेतलं होतं, आणि तो केंद्रचालक आता दुसऱ्याची रिक्षा चालवतो. चूक अरफाची, पण पकडले जाणार अब्बा. तिच्या दहावीसाठी. हे खरं बोलणं कसलं, जे दुसऱ्याच्या अंगावर पडतं? ती जमिनीवर बसली. टाईल्स मांड्यांना गुणगुणत होत्या. चोवीस. किती लाघवी होता तो उतरता आकडा. प्रत्येक अंशाबरोबर सकाळ पुसली जात होती. चार आल्यावर तो आकडा खोटा नसणार, अगदी खरा चार असणार, फक्त मधला सगळा दिवस त्यानं गिळलेला असणार. आणि ते दूध टँकरमध्ये इतर गावांच्या दुधात जाईल, पिशव्यांत जाईल, कुठल्यातरी घरात बाटलीत जाईल. तिथं कुणाच्या पोटात दुखलं तर ते दुखणं उलट्या वाटेनं इथवर येणार नाही. वाटेत किती बोळे.

फोन वाजला. अब्बा. ती स्क्रीनकडं बघत राहिली. आत्ता उचलला तर 'चालू आहे' हे अगदी खरं होतं. वाजून वाजून बंद झाला.

"आगं ए अरफे! मघाशी काय बोंबलत हुतं गं? माझी म्हस बिथारली की!" दारात छबूबाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर किटली. रोज सगळ्यात आधी येणार, सगळ्यात जास्त बडबडणार, आणि फॅट कमी लागली की मशीनला शिव्या घालणार. चपला काढून ती आत आली, सवयीनं थेट टाकीकडं. "तुजी आई आली न्हाई व्हय अजून? घे, वत."

किटली टाकीच्या काठावर टेकली होती. फेसाळ, आत्ताच काढलेलं, ऊबदार. एवढंच करायचं होतं, हात पुढं करून किटली तिरकी करायची. छबूबाईचं चांगलं दूध सकाळच्या दुधात मिसळलं असतं आणि मग ते वेगळं काढता आलं नसतं. अरफाचा हात किटलीच्या कडीवर होता. मनानं अजून काही ठरवलं नव्हतं, असं तिला वाटत होतं. पण हातानं किटली मागं ओढली.

"नको मावशी. ह्या टाकीत नका ओतू."

"मंग कुठं वतू? तुझ्या डोक्यावर?"

"सकाळचं दूध खराब झालंय. मशीन बंद पडलं होतं. मी नीट बघितलं नाही."

छबूबाई तिच्याकडं बघतच राहिली. मग पॅनलकडं, मग अरफाच्या मुठीतल्या काळ्या कापडाकडं. "आन आमचं सकाळचं?" तिचा आवाज बदलला. "आमचं दूध तर चांगलं हुतं ना?"

"चांगलंच होतं."

"मंग ते लिहून ठेव. तुमचं मशीन झोपलं म्हणून माझ्या म्हशीला का नाव?" किटली उचलून ती दाराशी गेली, थांबली. "बाकीच्यांला मी वाटंत सांगते, थोरल्या डेअरीवर जावा म्हणून. तू त्या टँकरवाल्याला कळीव. न्हाईतर त्यो यील आन पाईप घालील."

त्या एका वाक्यानं सगळं सोपं झालं, म्हणजे अवघडच राहिलं पण सरळ झालं. गोरक्षकाकांनी फोन उचलला तेव्हा मागं टँकरचं इंजिन चालू होतं. "काय गं, अब्बा कुठंय?" तिनं सांगितलं: दूध सव्वीस अंशांवर दिवसभर पडून होतं, आमची टाकी आज घेऊ नका. "पोरी, परवेझला, तुझ्या अब्बाला विचारलंस का?" "नाही." "मग? मी कंपनीला कळवलं की ते मागं घेता येत नाही." "कळवा काका." "भोंगा वाजला नव्हता का?" हाच तो प्रश्न. "वाजत होता. त्यात बोळा होता. माझ्यासाठी घातलेला." तिनं फोन ठेवला.

मग ती भिंतीला टेकून बसून राहिली. बोळा काढल्यावर पुढं काय. रेश्माताईंचा प्रश्न अजून हॉलमध्ये लोंबकळत होता. पॅनलचं झाकण उघडून तिनं आतली चकती पाहिली, जी इतकी वर्षं शून्यावर होती: किती मिनिटं थांबून मग ओरडायचं, ती चकती. शून्य म्हणजे दिवा मिणमिणला की बोंब. कुणी ती फिरवलीच नव्हती. फिरवण्याऐवजी तोंड दाबलं होतं. तांड्यातही असंच. लगेच ओरडू नये. थांबावं, पुन्हा बघावं, पुन्हा बघावं, आणि मग ओरडताना नुसतं ओरडू नये, काय झालंय ते सांगावं: वीज आहे, मशीन नाही. आणि हे तीन जागी नाही, एकाच जागी लिहावं, म्हणजे उद्या कुणाला बदलायचं झालं तर एकच जागा बदलावी लागेल. उत्तर इतकं जवळ होतं. तिनं चकती शून्यावरून पुढं फिरवली. तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं.

अंगणाचं फाटक वाजलं. अम्मीच्या बांगड्या, अब्बांचं खाकरणं. अम्मीच्या हातात मंगनीच्या मिठाईचा डबा होता, कपाळावर प्रवासाचा घाम. "फोन का उचलला नाहीस?" अम्मी अंगणातूनच म्हणाली. "जीव टांगणीला लागला माझा. अन् दारात एकही किटली नाही, काय प्रकार?" अब्बा उंबऱ्याशी वाकून चपला काढत होते आणि वाकल्या वाकल्या त्यांची नजर भोंग्याच्या उघड्या तोंडावर गेली. त्यांनी एक पाय टाईलवर ठेवला, मग दुसरा. गुणगुण होती. तरी त्यांचा चेहरा सैल झाला नाही. आकडा नऊवर होता. ह्या वेळेला तो कधीच नऊवर नसतो.

"सगळं ठीक आहे ना बेटा?" त्यांनी विचारलं, अगदी हळू, जणू 'हो' म्हणायला तिला जागा करून देत होते.

अरफा उभी राहिली. स्टेजवर उभी होती त्यापेक्षा सरळ, आणि आवाज मात्र तोच, दुपारचा, नवा.

"नाही अब्बा. ठीक नाही. मी सकाळी बाहेरून बघून गेले आणि मशीन बंद होतं. ह्या टाकीतलं दूध टँकरला जाणार नाही, मी गोरक्षकाकांना कळवलंय, बोळ्याचंही सांगितलंय. कंपनीचा माणूस येईल तेव्हा त्याच्याशी मी बोलणार, तुम्ही शेजारी उभे राहा. भोंग्याची चकती मी फिरवलीय, आता तो उगाच ओरडणार नाही. पण जेव्हा ओरडेल तेव्हा ओरडू द्यायचं. माझी बारावी असली तरी. मी त्या आवाजात अभ्यास करीन, अम्मी. हा बोळा मी परत घालू देणार नाही."